मॅटर लिहून देणार: लातुरात बसून लिखाणाची कामं कशी मिळवायची

आमच्याकडं 'लेखक' म्हणलं की लोकांना धडकी भरते. हा माणूस आता आपल्याला कवितासंग्रह देणार आणि वर अभिप्रायही मागणार, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. म्हणून मी ओळख करून देताना लेखिका हा शब्दच वापरत नाही. 'मॅटर लिहून देते' म्हणते. पत्रक, मानपत्र, स्मरणिका, वार्षिक अहवाल, पाकिटावरचा मजकूर, रिक्षाच्या भोंग्यावर वाजवायची जाहिरात, सगळं मॅटरच. छापखान्यात आणि फ्लेक्सच्या दुकानात हाच शब्द चालतो, आणि ज्याच्या खिशातून पैसे निघणार त्यालाही तोच कळतो. 'कंटेंट रायटर' असं कार्ड मी एकदा छापून घेतलं होतं. एका डाळमिलवाल्या काकांनी ते उलटंपालटं करून विचारलं, "म्हंजे रंगकाम का?"

मी आधी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. तासांचे पैसे वर्षाअखेर मिळायचे, तेही मिळाले तर. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा, आमच्या गल्लीतल्या टाक्यांच्या दुकानदारानं हाक मारली. "मॅडम, तुमी मराठीच्या नव्हं? हे हँडबिल जरा बघून द्या की." त्याच्या कागदावर होतं, 'आमचे येथे सर्व प्रकारच्या टाक्या योग्य दरात मिळतील.' आता त्या उन्हाळ्यात दर कोण विचारत होतं? लोक विचारत होते की घरात पाच माणसं आहेत, टँकर आठवड्यानं येतो, मग टाकी किती लिटरची घ्यावी. मी तेवढंच लिहिलं. माणसं किती, पाणी किती दिवसांआड, त्यावरून टाकी किती लिटरची, असा चार ओळींचा तक्ता आणि खाली फोन नंबर. त्यानं ३०० रुपये दिले आणि दुसऱ्या दिवशी साडूला घेऊन आला. साडूचं आरओ फिल्टरचं दुकान होतं.

त्यानंतर मला वाटलं, आता कामं अशीच येत राहतील. सहा महिने एकही आलं नाही. मग जे शिकले ते सांगते.

डीटीपीवाल्याच्या स्टुलावर

कामं शोधायला मी आधी दुकानदारांकडं फिरले. फुकट गेले दोन महिने. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि एकेका रस्त्यावरच्या दुकानात जाऊन 'तुम्हाला काही लिहून पाहिजे का' विचारलं तर 'नाही' असंच उत्तर येतं, कारण त्या क्षणी कुणालाच काही लिहून नको असतं. ज्याला आज काहीतरी छापायचंय, तो माणूस डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईला तयार करून देणाऱ्या, दुकानात बसलेला असतो. हातात वहीचं फाटकं पान, त्यावर अर्धवट मजकूर, आणि ऑपरेटरला म्हणत असतो, "तुमीच टाका काहीतरी चांगलं." ऑपरेटर मागच्या गिऱ्हाइकाची फाईल उघडतो, नाव बदलतो आणि तीच छापतो. लातुरातल्या निम्म्या उद्घाटनांना एकच 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' आहे, ती यामुळं.

तर तुमचा खरा दलाल म्हणजे हा ऑपरेटर. त्याला पटवायचं कसं? त्याचा त्रास कमी करून.

त्याचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे मॅटर फुटणं. आपण मोबाईलवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या अक्षरात, लिहितो. त्याच्याकडं पान मांडायचं सॉफ्टवेअर, कोरल ड्रॉ किंवा पेजमेकर, जुन्या आवृत्तीचं, आणि अक्षरं श्रीलिपी या वेगळ्या फॉन्टमधली. युनिकोडचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की 'शेतकऱ्यांना' मधला तो अर्धा र तुटून बाजूला पडतो, 'ऑ' आणि 'ॲ' ची चंद्रकोर उडते, 'हृदय' चं भलतंच काही होतं. गिऱ्हाईक फ्लेक्स लावल्यावर ते बघतं आणि भांडायला येतं. मी एक सवय लावून घेतली. मजकूर पाठवताना दोन फायली पाठवते. एक साधी, कॉपी करायला. दुसरी पीडीएफ, मूळ अक्षर कसं होतं ते ताडून बघायला. सोबत त्या मजकुरात फुटू शकणाऱ्या शब्दांची यादी: शेतकऱ्यांना, ऑफर, ॲडमिशन, हृदयरोग, एवढेच तपासा. आणि शेवटचं प्रूफ मी स्वतः वाचते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. दुकानात जाऊन, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून, स्क्रीनवर बोट ठेवून. पहिल्याच महिन्यात एका ऑपरेटरदादांनी सांगितलं की माझ्या मॅटरला गिऱ्हाईक चार-चार वेळा दुरुस्तीला येत नाही. तेव्हापासून ते माझा नंबर स्वतःच देतात.

त्यांना कमिशन द्यायचं का? मी देत नाही. छोटी कामं त्यांच्या बिलातच घालते. ते छपाई आणि मॅटर मिळून गिऱ्हाइकाला एकच आकडा सांगतात, माझे ठरलेले पैसे मला देतात, वर काय लावतात ते मी विचारत नाही. स्मरणिकेसारखं मोठं काम असलं की मात्र गिऱ्हाइकाशी थेट बोलते. आणि एक पथ्य कडक पाळते. एका छापखान्यातून आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या छापखान्यात कधी नेत नाही, मग तिथं कागद कितीही स्वस्त असो.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. पहिल्या वर्षी मालक लोक माझ्याशी न बोलता गाडी लावत असलेल्या माझ्या नवऱ्याशी रेट बोलायचे. मी त्याला बरोबर न्यायचं बंद केलं. तेवढ्यानं झालं.

कोणत्या महिन्यात कुणाच्या दारात

हे मला कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. आमच्याकडं लिखाणाच्या कामालाही हंगाम असतो, आणि काम छापायच्या दीड-दोन महिने आधी तुम्ही दारात पाहिजे.

मे महिना मानपत्रांचा. का, ते गावाकडच्या माणसाला लगेच कळेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्याची त्याची जन्मतारीख १ जून लावून टाकली. ती माणसं नोकरीला लागली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३१ मे. त्या एका दिवशी किती सत्कार, किती शाली, किती मानपत्रं! एप्रिलमध्येच फ्रेमवाल्यांना आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना माझा मेसेज जातो.

मानपत्रावर जरा थांबते, कारण नवशिक्यासाठी यासारखं काम नाही. ते भिंतीवर लागतं, वीस वर्षं तिथंच राहतं, आणि समारंभात माईकवरून दोन-तीनशे लोकांसमोर वाचलं जातं. दुसऱ्या कुठल्या मॅटरला एवढे श्रोते मिळतात? पण बहुतेक मानपत्रं 'आपण ज्ञानाचा अखंड नंदादीप' या चालीवर असतात, आणि नाव बदललं की कुणालाही चालतात. मी लिहायच्या आधी तीन फोन करते. एक घरी, एक सोबतच्या कर्मचाऱ्याला, एक जुन्या विद्यार्थ्याला. प्रश्न ठरलेले आहेत: सर चिडले की काय म्हणायचे, त्यांच्या खिशात किंवा पिशवीत नेहमी काय असायचं, आणि त्यांनी कुणासाठी गुपचूप काय केलं. औसा तालुक्यातल्या एका शिक्षकांबद्दल कळलं की ते पिशवीत कायम दोन जादा पेन्सिली आणि एक सुई-दोरा ठेवायचे. शर्टाचं बटण तुटलेलं पोरगं दिसलं की मधल्या सुट्टीत स्वतः लावून द्यायचे. मी मानपत्रात नंदादीप लिहिलाच नाही, सुई-दोरा लिहिला. ते वाचलं गेलं तेव्हा मी मागं उभी होते. कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या रांगेतच दोघांनी नंबर घेतला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून नाव आणि मोबाईल टाकायची परवानगी मागत जा. शंभरातले नव्वद लोक 'टाका की' म्हणतात.

पतसंस्था आणि सहकारी संस्थांचं वेगळं. त्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि अहवाल सभासदांच्या हातात त्याआधी. ऑगस्टमध्ये व्यवस्थापक घाईला आलेले असतात आणि मागच्या वर्षीचंच मनोगत आकडे बदलून छापतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जा. मागच्या वर्षीचा अहवाल मागा, अध्यक्षांच्या मनोगताचं पहिलं पान घरी नेऊन नव्यानं लिहा आणि परत द्या. आकड्यांना हात लावू नका, ते लेखापरीक्षकाचं काम.

बियाणं आणि खतं-औषधांच्या कंपन्यांचा हंगाम खरिपाच्या पुष्कळ आधीचा. जालना हे बियाणं कंपन्यांचं गाव. त्यांची माहितीपत्रकं मार्च-एप्रिलमध्ये छपाईला जातात, त्यामुळं मी संक्रांत झाली की पाठवायला सुरुवात करते. क्लासवाल्यांचा हंगाम निकालाच्या आसपास. शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत. निवडणूक लागली की प्रचारपत्रकं येतातच. ती घ्या, पण सगळे पैसे अर्ज मागं घ्यायच्या तारखेच्या आधी घ्या. उमेदवारानं माघार घेतली की तो फोन उचलत नाही. आणि पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता कायद्यानं लागतो, हे ऑपरेटरला माहीत असलं तरी तुम्हीही बघा.

ओळख नको, नमुना पाठवा

'मी दहा वर्षांपासून लेखन करते, माझी भाषेवर पकड आहे' असा मेसेज मीही पाठवलेला आहे. त्याला अंगठासुद्धा येत नाही. त्याऐवजी त्यांचाच एक कागद घ्या आणि त्यातल्या चार ओळी नव्यानं लिहून पाठवा. जालन्याच्या एका बियाणं कंपनीला मी पाठवलेला मेसेज जवळजवळ असाच होता:

'नमस्कार साहेब. तुमचं सोयाबीनचं पत्रक दुकानात बघितलं. उगवणक्षमता तपासा, असं त्यात आहे, पण कशी तपासायची ते नाही. शेतकरी तिथंच अडतो. चार ओळी लिहून पाठवतेय. आवडल्या तर वापरा, पैसे नकोत. पूर्ण पत्रक करायचं असेल तर बोलू.

पोत्यातून वरचं, मधलं, खालचं बियाणं घ्या आणि १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. ७० किंवा जास्त आले तर बियाणं पेरायला योग्य.'

फोन चौथ्या दिवशी आला. आधी त्यांच्या कृषी अधिकाऱ्यानं ७० चा आकडा कुठून आणला हे विचारलं. प्रमाणित बियाण्याला तेवढी किमान उगवण लागते, हे मला ठाऊक होतं म्हणून निभावलं. विषय माहीत नसेल तर नमुना पाठवू नका, एवढाच त्याचा अर्थ.

नमुना एकच फुकट, आणि तोही चार ओळींचा. 'आधी पूर्ण करून द्या, मग बघू' म्हणणाऱ्याला मी हसून चहा मागते आणि निघते.

व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग ठेवता येतो, तो भरा. मानपत्र, पत्रक, अहवाल, प्रत्येकाचा एक फोटो आणि दर. ब्रॉडकास्ट लिस्टवर फार भिस्त ठेवू नका. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, म्हणून भेटीतच सांगते, "नंबर सेव्ह करा, 'मॅटरवाल्या मॅडम' म्हणून." स्टेटसला सुप्रभात टाकत नाही. आठवड्यातून एकदा एखादी ओळ, आधी कशी होती आणि नंतर कशी केली, एवढं.

इथं माझा एक गाढवपणा सांगते. सुरुवातीला मी चौकातल्या एका फ्लेक्सचा फोटो स्टेटसला टाकला. 'हार्दीक शुभेच्छा', दी दीर्घ. खाली हसायचं चित्र. तो फ्लेक्स ज्यांचा, त्यांच्या पुतण्यानं तो बघितला. त्यांचं स्मरणिकेचं काम माझ्याकडं जवळजवळ ठरलेलं होतं, ते गेलं. पुढं दोन वर्षं कुठं भेटले की म्हणायचे, "काय करलालाव मॅडम? आमचं शुद्धलेखन तपासलालाव का?" आता स्टेटसला मी माझ्याच जुन्या चुका टाकते.

काय लिहून द्यायचं नाही

याचा मार्केटिंगशी काय संबंध, असं वाटेल. माझी निम्मी कायमची गिऱ्हाइकं यामुळंच टिकलीत. लातूर म्हणजे क्लासेस, आणि क्लासवाल्यांना पत्रकावर '१००% यशाची हमी' पाहिजे असते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची हमी देता येत नाही, आणि विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती लागते. मी हे सांगितलं तेव्हा एका सरांनी तोंड वाकडं केलं. पुढच्या हंगामात त्यांनीच फोन करून संमतीपत्राचा मसुदा मागितला. त्याचे पैसे वेगळे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचंही तसंच. बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच, सगळी आमच्या जिल्ह्यातली, आणि तिकडं हिंगोलीत वसमतची हळद. या सगळ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल याच भागाचा अशी सरकारी ओळख, मिळालं. तेव्हापासून पाकिटावरच्या मजकुराची कामं वाढली. पण त्या गावचा माल आहे म्हणून मानांकनाची खूण छापता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. मी लिहायच्या आधी ते प्रमाणपत्र मागते. हळदीनं मधुमेह बरा होतो, असं मात्र कुणी कितीही पैसे दिले तरी लिहीत नाही. तसली जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे.

पैशाचं

शब्दाला इतके पैसे, हा हिशोब आमच्याकडं कुणाला कळत नाही. "शब्द कमी करा मग," म्हणतात. नगावर सांगा. माझं मानपत्र १२०० रुपये, एका बाजूचं पत्रक ८००, स्मरणिका पानाला २५०. निम्मे आधी, यूपीआयवर, तिथल्या तिथं. तुम्ही नवीन असाल तर यापेक्षा कमी घ्या, पण फुकट आणि 'नाव होईल' यावर नको.

एका संस्थेच्या ६४ पानी स्मरणिकेत माझे १०,००० अडकले. प्रकाशन धूमधडाक्यात झालं, मंत्री येऊन गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून 'अध्यक्ष बाहेरगावी आहेत'. ते आठ महिने बाहेरगावीच होते. आता समारंभाचं काम असेल तर छपाईची फाईल पूर्ण पैसे आल्यावरच सोडते. त्याआधी फक्त पानावर आडवं 'नमुना' लिहिलेली पीडीएफ.

कंपन्यांसाठी एक इलाज आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं, मधल्या माणसाला पैसे देऊ नका. ती असली की २००६ च्या कायद्याप्रमाणं कंपनीनं तुमचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. बिलावर उद्यम क्रमांक टाकते, भांडावं लागत नाही. कंपनीनं १० टक्के टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी कापलेला आयकर, कापला तर घाबरू नका. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. मी पहिली तीन वर्षं तो बुडाला असंच समजत होते.

बाहेरची कामं

पुण्या-मुंबईच्या भाषांतराच्या एजन्सी, संभाजीनगरच्या कारखान्यांचे सीएसआर (सामाजिक कामाचे) विभाग, शेती आणि आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, यांची कामं घरबसल्या मिळतात. तिथं तुमचं भांडवल हेच की तुम्ही इथले आहात. महिला बचत गटांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर माझ्याकडं आलं ते 'आर्थिक समावेशन' वगैरे शब्दांनी भरून. मी दोन पानं उदगीरच्या एका गटात वाचून दाखवली, बायका जिथं जांभया देत होत्या तिथं खुणा केल्या आणि त्या खुणांसकट परत पाठवली. संस्थेनं पूर्ण पुस्तिका पुन्हा लिहायला दिली. चाचणी भाषांतर २०० ते ३०० शब्दांपर्यंत फुकट ठीक, दहा पानं मागितली तर तो माणूस तुमच्याकडून आणि तुमच्यासारख्या पाचजणांकडून पुस्तक करून घेतोय. कामासाठी आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागणारा तर सरळ ठग.

आता बरेचजण म्हणतात, "चॅटजीपीटीवर करून घेतलंय मॅडम, नुसती नजर टाका." नजरेचे ५०० घेते. 'आम्ही आपल्या सेवेसाठी वचनबद्ध आहोत' ही ओळ पहिल्यांदा खोडते. मग मालकाला विचारते की गिऱ्हाईक दुकानात आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतं. बहुतेकदा पत्रकाची पहिली ओळ तिथंच सापडते.

काम दिल्यावर महिन्याभरानं एक फोन करायचा. पत्रक वाटलं का, कुणी काही विचारत आलं का. हा फोन कुणीच करत नाही, म्हणून लक्षात राहतो. टाकीवाले दादा अजून दर फेब्रुवारीला हँडबिल करून घेतात. या वर्षी त्यांचा मेसेज आला: "मॅडम, तक्ता तसाच ठिवा. फकस्त यंदा गच्चीवर चढवून द्यायचे पैसे घेत न्हाईत, ते वर मोठ्यानं टाका."